माडी गेली त्या वर्षी

मुक्काम बाळापूर
आश्विन वद्य पंचमी, शके १७८७

चिरंजीव गोवर्धनले तुह्या मोठ्या बहिणीचा, जयवंताचा आशीर्वाद. तुह्या शकुनलेही सांगजो.

आमी सारे बरे हावो. हे पत्र शाळेचे पंतोजी लिहून राहिले. त्याइले म्हनलं, मी बोलीन तसंच लिवा. तुमची पोथीची भाषा ऐकून माह्या भावाले वाटंल का बाई बिमार पडली.

खबर अशी का माह्या कौशीचं लग्न जमलं. तेल्हाऱ्याचे नत्थुजी हायेत, आपल्यातलेच, मिरची-वांग्याची बागाईत हाय त्याइची. त्याइचा धाकटा पोरगा देवीदास. मी त्याले पाह्यलं. कमी बोलते, पन कौशीकडे पाहून एकदा हासला, तवा मले बरं वाटलं.

आता कामाचं. नत्थुजी बोलनी कराले आले तवा मी सहज सांगतलं का पोरीच्या मामाचं अमरावतीत परकोटाच्या आत माडीचं घर हाय. तवापासून त्याइनं तेच धरलं. म्हनतात, लग्न मामाच्या घरी करू, आमच्या पावन्याइले अमरावतीही पाहाले भेटंल. मी हो म्हनून बसली. घरभरणीच्या दिवशी तूच साऱ्याइसमोर बोलला होता का कौशीचं लग्न ह्याच ओसरीवर लावीन. मी मांगून नाई राहिली, तुहाच शब्द तुले सांगून राहिली. आमचं घर तुले माहीत हाय. एक खोली अन् आंगन, अन् त्यात गाय, वासरू अन् भाजीच्या टोपल्या.

कापसाचा भाव पडला म्हनतात. अठी बऱ्याच जनाइचे चेहरे उतरले. तू काई लिवलं नाईस, म्हनून तुह्यं बरंच असंल असं समजते. लग्न कोन्या महिन्यात जमते ते कळव.

पंतोजीचा हात दुखाले लागला, म्हनून पुरे करते.

---

मुक्काम अमरावती
कार्तिक शुद्ध द्वादशी, शके १७८७

तीर्थरूप जयवंताबाई यांस गोवर्धनचा साष्टांग नमस्कार.

पत्र डाकेने पोचले. कौशीचे जमले हे वाचून फार आनंद झाला. नत्थुजींचे घराणे चांगले आहे असे इथेही ऐकून आहे. त्यांना माझा रामराम सांगावा. मामा म्हणून जे करायचे त्यात काही कमी पडणार नाही.

लग्नाच्या जागेबद्दल लिहिलेस. सध्या घराला चुना लावायचे काम काढले आहे. गवंडी मिळत नाहीत, काम रेंगाळले आहे. माडीच्या तुळईचेही थोडे काम निघाले. शिवाय शकुनची प्रकृती ठीक नसते, तिला पाहुण्यांची दगदग सोसेल असे वाटत नाही. तेव्हा माघ-फाल्गुनात की वैशाखात ते सावकाश ठरवू. घाई करू नये.

पुंजाराम भाऊजींना नमस्कार. कौशीला पापा. कापसाचे म्हणशील तर भाव खाली-वर होतातच, काळजी करण्यासारखे नाही.

तुमची खुशाली येत राहो, म्हणजे इकडे बरे वाटते.

---

मुक्काम बाळापूर
मार्गशीर्ष शुद्ध नवमी, शके १७८७

गोवर्धनले आशीर्वाद.

तुह्यं पत्र पंतोजीनं दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मीच वाचाले लावलं, काहून का पयल्यांदा मले त्यात तू सापडलाच नाई. चुना सापडला, तुळई सापडली.

आमच्या गल्लीतले खुशालराव मिरची घेऊन अमरावतीले गेले होते. त्याइनं शकुनले बजारात पाह्यलं. उन्हात, गोनपाटावर, समोर मेथीच्या जुड्या. खुशालरावाले पाहून तिनं पदर पुढं ओढला. मले आता सांग, बिमार बाई बजारात भाजी घेऊन बसते काय?

मी रातभर इचार केला. माह्या ध्यानात असं आलं का घरात पैसा आला का काही मानसाइले आनखी आनखीची भूक लागते. नवरा कापसाचा व्यापारी, घर माडीचं, अन् बायको मेथीचा पैसाही सोडत नाई. मंग तिले लग्नाचे पावने कसे परवडतील? तेल, गूळ, तांदूळ सारं लागते. तुह्या घरी ती आली तवा माहेरून काय घेऊन आली होती ते मले माहीत हाय. पंतोजी म्हनतात हे लिहू नका. मी म्हनलं लिवा.

नसंल कराचं तर सरळ सांग. नत्थुजीले मी काय सांगू तेवढं तरी मले कळू दे. त्याइचा निरोप येऊन राहिला का तारीख काढा.

कौशी रोज इचारते का मामाच्या माडीवरून काय काय दिसते. मी सांगत असते.

---

मुक्काम अमरावती
पौष शुद्ध तृतीया, शके १७८७

तीर्थरूप बाई यांस साष्टांग नमस्कार.

हे पत्र डाकेने न पाठवता खुशालरावांच्या हाती देत आहे. पंतोजींना विनंती की त्यांनी हे घरात न वाचता फक्त बाईला, एकटीला वाचून दाखवावे.

बाई, घर गेले. दसऱ्याच्या आधीच गेले. तुझे पहिले पत्र आले तेव्हा आम्ही तिथे नव्हतो. चुना लावण्याचे मी लिहिले ते पंजाबरावांच्या मळ्यातल्या झोपडीत बसून.

तुला सगळे क्रमाने सांगतो. दूर अमेरिकेत लढाई लागली, इंग्रजांच्या गिरण्यांना आपला कापूस हवा झाला, आणि मी भाजीचा मळा सोडून गाड्या घेतल्या, हे तू पाहिलेच आहेस. खामगावच्या बाजारापर्यंत गाठोडी न्यायची, भाडे घ्यायचे. त्या भाड्यातून घर उभे राहिले. तोवर ते आमचे होते. गेल्या हिवाळ्यात भाव असा चढला की लोक गाद्या उसवून जुनी रुई विकत होते. मला वाटले, दुसऱ्याचा कापूस किती दिवस वाहायचा. घर सावकाराकडे गहाण टाकले आणि गावोगाव फिरून कापूस घेतला, चढ्या भावानेच घेतला. खालच्या खोल्या आढ्यापर्यंत भरल्या. शकुन म्हणाली, "गाड्या हाकल्या तेवढं लय झालं. आता घर कशाले हाकता?" मी हसलो.

मग उन्हाळ्यात खबर आली की लढाई संपली. भाव आठवड्या-आठवड्याला उतरू लागला. मी थांबलो. आज उतरला तर उद्या चढेल, असे म्हणत थांबलो. विकला तेव्हा कापसाच्या पैशातून व्याजही नीट निघाले नाही.

सावकार स्वतः आला होता. ओसरीवर बसला, पाणी प्याला. ओरडला वगैरे काही नाही. म्हणाला की मुंबईच्या पेढ्या बसल्या, त्याच्या हुंड्या परत आल्या, त्याच्या दाराशीही लोक उभे आहेत. मला त्याचा राग यावा असे वाटत होते, पण आला नाही. कचेरीतून हुकूमनामा निघाला. मग दवंडी. दवंडी पिटणारा आपल्या घरभरणीला जेवून गेलेला होता. तो इतका हळू वाजवत होता की बरोबरच्या कारकुनाने त्याला दोनदा सांगितले, जोराने वाजव, लोकांना ऐकू गेले पाहिजे.

लिलावाला माणसे जमली, पण घ्यायला कुणाजवळ पैसा नव्हता. सगळेच बुडालेले. घराला जे लागले त्याचा तिसरा हिस्साही आला नाही. उरलेल्या देण्यात गाड्या गेल्या, बैल गेले, शकुनचे दागिने गेले. तिच्या गळ्यात मंगळसूत्र राहिले. एक मात्र झाले, आता कुणाचे काही देणे नाही.

निघायच्या दिवशी ती शिपायाशी भांडली, तीही कशासाठी तर उखळासाठी. शिपाई म्हणाला, जाते न्या, मुसळ न्या, उखळ जमिनीत पुरलेले आहे, ते घराचे. ती म्हणाली, "दगड मी डोक्यावर आनला होता." शिपाई बिचारा म्हणाला, "बाई, मले हुकूम हाय." तेव्हा तिने मुसळ उचलले आणि ती चालू लागली. नुसते मुसळ घेऊन बाजारातून जाणारी बाई पाहून लोक वळून पाहत होते. मी तिच्यामागे चालत होतो आणि मान वर करता येत नव्हती.

पंजाबरावांचा मळा तिनेच शोधला. परकोटाबाहेर, विहिरीजवळ. बटाईने दोन वाफे मिळाले आणि राहायला झोपडी. मी कितीतरी दिवस झोपडीबाहेर पडलो नाही. पूर्वी मला पाहून दुकानातून उठून उभे राहणारे लोक आता मला पाहिले की दुसरीकडे काहीतरी पाहू लागतात. त्यांना वाटत असेल, हा काही मागेल. पहाटे जाग येते तेव्हा अजून पाय जिन्याच्या दिशेला वळतात. ती मेथी विकते ते आम्ही दोघांनी जेवावे म्हणून.

तुझे पत्र मी तिला वाचून दाखवले. माहेराबद्दलची ओळ गाळणार होतो, पण आवाज अडखळला आणि तिला कळले. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "बाईले खरं सांगाल, तवाच त्या माह्यावर बोलनं थांबवतील." म्हणून हे लिहिले.

नत्थुजींना काय सांगायचे ते तू ठरव. मला सुचत नाही.

---

मुक्काम बाळापूर
माघ शुद्ध दशमी, शके १७८७

गोवर्धन, माह्या भावा,

पंतोजीनं पत्र नदीवर वाचलं. मी कपडे धुवाच्या बहान्यानं गेली होती, ते धोंड्यावर बसले. मी तवा रडली नाई. कपडे धुतले, पिळले, अन् घरी येऊन चूल पेटवताना रडली. तुह्या भाऊजीनं इचारलं काय झालं, मी म्हनलं धूर. मंग रातच्या जेवनानंतर सांगून टाकलं.

शकुनले मी जे बोलली त्याची मले लाज वाटते. तिले हे वाचून दाखवजो.

पुंजारामजी कसे हायेत तुले माहीत हाय. ऐकलं, अन् सकाळी टरबुजाच्या वाडीत पानी द्याले गेले. दुपारी आले अन् म्हनाले, "मांडव नदीत घालू. वैशाखात आपली मन नदी कोरडी असते, जागा पाहिजे तेवढी. जेवनावर टरबूज आपल्याच घरचे." एवढंच.

मंग नत्थुजीले बोलावलं. तुह्या भाऊजीले म्हनलं, तुमी गप बसा, मी बोलते. सारं सांगतलं. नत्थुजीनं पानी पेलं, लोटा पालथा ठेवला.

मंग म्हनाले, "तेल्हाऱ्यात मी साऱ्याइले सांगून बसलो. आता काय सांगू?"

मी म्हनलं, "मांडव नदीत हाय म्हनून सांगा."

त्याइले हासू आलं नाई. म्हनाले, "घरच्याइले इचारतो." अन् गेले. बारा-पंधरा दिवस काई खबर नाई. कौशी काई इचारे नाई, पन तिचं जेवन कमी झालं. मले वाटलं, गेलं हे लग्न. त्यात मी तुह्यावर मनातल्या मनात चिडली, हे तुले सांगून टाकते.

काल नत्थुजी आले. बसाच्या आधीच इचारलं, "मामा येते का लग्नाले?"

मी म्हनलं, "येईल ना, काहून नाई येनार?"

तवा ते बसले. म्हनाले, "मांडव कुठीही घाला. पन पोरीले मांडवात मामानंच आनलं पाहिजे. तो नाई आला तर लोक म्हनतील का घरासंगं मानूसही गेला."

तर अक्षय्य तृतीयेनंतरचा मुहूर्त काढून राहिलो. तुमी दोघं आधीच या. हाती काई आनू नको. तू ये.

---

मुक्काम अमरावती
फाल्गुन शुद्ध षष्ठी, शके १७८७

तीर्थरूप बाई यांस नमस्कार.

तुझे पत्र वाचून नत्थुजींबद्दल आदर वाटला. मुहूर्त निघाला हे फार चांगले झाले.

पण माझे येणे होणार नाही. मामाने नवरीला हात धरून आणायचे, तिच्या पाठीशी उभे राहायचे. सगळा मांडव मामाकडे पाहतो. मला कुणी काही बोलणार नाही हे मला माहीत आहे, आणि तेच मला सोसणार नाही. ज्या भाचीला ओसरी कबूल केली तिला वाळूतून नेताना मी कुठे पाहू?

खुशालराव घरच्यासारखे आहेत. त्यांना मामाच्या जागी उभे करावे. लुगडे त्यांच्या हाती पाठवीन, साधे असेल.

राग मानू नये.

---

मुक्काम अमरावती
फाल्गुन वद्य द्वितीया, शके १७८७

जयवंताबाईले शकुनचा पाया पडून नमस्कार.

हे पत्र पंजाबराव लिहून राहिले. आमच्या ह्याइले माहीत नाई, अन् सांगूही नका.

ह्याइनं तुमाले काय लिवलं ते मले कळलं. तुमी आता त्याइले पत्र लिवू नका. रागावूही नका, हात जोडूही नका. दोन्हीनं ते आनखी आत जातात. मी आनते त्याइले. कसं ते मले अजून माहीत नाई.

तुमी माह्या माहेराबद्दल बोलल्या ते मी ऐकलं. राग आला होता. बजारात बसली तरी तेच डोक्यात घुमे. मंग गिऱ्हाईक आले अन् सुटे पैसे मोजता मोजता राग कुठी गेला ते कळलं नाई. आता काई नाई मनात. तुमच्या जागी मी असती तर मीही बोलली असती, कदाचित जास्त बोलली असती.

लोकाइले वाटते का मले घराचं काई वाटत नाई. वाटते. माडीच्या खिडकीतून सकाळी डोंगर दिसे. दात घासत तठी उभं राहाची मले सवय लागली होती. दुसऱ्या कशाची लागली नाई, पन त्याची लागली. कधी कधी विहिरीवर तोंड धुताना मी डोंगराकडे तोंड करून पाहते, तर पंजाबरावाचं चिंचेचं झाड मधात येते. मंग मी कामाले लागते. ह्याइचं तसं नाई. ह्याइनं ते घर एकेक वीट पाहून बांधलं. कापूस घ्याची घाई केली ते खरं, पन घरात घाई नाई केली.

वांगे यंदा चांगले आले. लग्नाची भाजी माह्या वाफ्यातली येईल, तेवढी मले आनू द्या. कौशीले सांगा का मामी हळद लावाले येते.

---

मुक्काम अमरावती
ज्येष्ठ शुद्ध चतुर्थी, शके १७८८

तीर्थरूप बाई व भाऊजी यांस साष्टांग नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो. खुशालरावांनी गाडी अगदी मळ्याच्या बांधापर्यंत आणून दिली. झोपडी होती तशी आहे, पंजाबरावांनी वाफ्यांना पाणी दिले होते.

मी कसा आलो ते तू तिथे विचारले नाहीस, म्हणून आता सांगतो. शकुनने निघायच्या दिवशी पहाटे वांग्यांच्या टोपल्या भरल्या आणि गाडीत ठेवल्या. मग स्वतः चढून बसली. मी बांधावर उभा. ती म्हणाली, "मी जाते. तठी मले साऱ्याइनं इचारलं का नवरा कुठी हाय, तर मी खोटं सांगनार नाई. सांगीन का घर गेल्यापासून तो बाहेर निघत नाई." रागाने नाही म्हणाली. खुशालराव बैलांच्या शेपट्यांकडे पाहत बसले होते. मी पागोटे आणायला आत गेलो, तेवढाच काय तो वेळ लागला.

मांडवात काय झाले ते तुला कळले नसेल, तू आत होतीस. मुहूर्ताला अवकाश होता. मी वऱ्हाडी मंडळींत मान खाली घालून बसलो होतो. नत्थुजींचे थोरले भाऊ, ते पांढऱ्या मिशांचे, माझ्याकडे सरकले आणि विचारले, "मामा, अमरावतीची माडी तुमचीच ना?"

मी म्हणालो, "माहीच होती. लिलावात गेली."

बाई, हे मी कुणापुढे तोंडाने बोललो ते पहिल्यांदा. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "माहे दोन जोड्या बैल गेले. म्हनलं भाव आनखी चढंल." त्यांच्या पलीकडचा म्हणाला, त्याने बायकोच्या पाटल्या मोडून कापूस भरला होता. तिसऱ्याने सांगितले की त्याच्या घरात अजून गाठोडी पडून आहेत, त्यावर मांजर व्याली. मग जो तो आपापला भाव सांगू लागला, कुणी कितीने घेतला, कुणी कधी विकला. इतका गलबला झाला की भटजींनी अंतरपाट धरायला सांगूनही कुणाचे लक्ष नाही. शेवटी त्यांना ओरडावे लागले, मामा, नवरी आणा.

कौशीचा हात धरून वाळूतून चाललो तेव्हा तिचे पाऊल एकदा रुतले. ती हळूच म्हणाली, "मामा, वाळू गरम हाय, लवकर चला." मी कुठे पाहू याची चिंता करत होतो. मी तिच्या पायांकडेच पाहत होतो.

भाऊजींनी निघताना मला बाजूला घेऊन म्हटले की निम्मी टरबुजाची वाडी तू कर, इथेच राहा. ते किती कमी बोलतात आणि त्यांना हे बोलायला किती जड गेले असेल ते मी जाणतो. त्यांना सांग की मी विसरणार नाही. पण पंजाबरावांनी पावसाळ्यापासून विहिरीखालची सगळी जमीन बटाईने द्यायचे कबूल केले आहे. मळ्याचे काम माझ्या हातांना अजून येते. मोटेवर उभा राहिलो तर पहिल्या दिवशी पाठ धरली, आता बरी आहे. आणि शकुनला तिचे गिऱ्हाईक सोडवत नाही.

तुमच्या टरबुजांचे बी आणले आहे, लावून पाहीन.

---

मुक्काम बाळापूर
भाद्रपद शुद्ध द्वितीया, शके १७८८

गोवर्धनले अन् शकुनले आशीर्वाद.

कौशी नागपंचमीले आली होती. अंगानं भरली. सासू वरनात तिखट लय टाकते एवढीच तक्रार. देवीदास तिले घ्याले आला, तवा पुंजारामजी अन् तो दोघंही आंगनात बसून एक शब्द न बोलता दुपारभर दोर वळत होते. दोघंही खूश होते.

शकुन, तुह्या वांग्याचं नाव अजून अठी लोक काढतात. बी पाठवजो.

गोवर्धन, एक इचारू काय? लग्नात इचारवलं नाई. तू त्या घराच्या गल्लीतून जातोस काय? नसंल सांगाचं तर नको सांगू. पंतोजी म्हनतात असं इचारू नये. पन ते प्रत्येक वेळी तसंच म्हनतात.

---

मुक्काम अमरावती
कार्तिक वद्य सप्तमी, शके १७८८

तीर्थरूप बाई यांस गोवर्धनचा साष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. तुझ्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा "नाही" असे होते, आणि ते लिहावेसे वाटेना.

वर्षभर मी ती गल्ली टाळली. बाजारातून सराफ्याकडे जायला तीच जवळची वाट, पण मी वळसा घेत असे. शकुनला माहीत होते. गेल्या आठवड्यात तिला ताप आला, म्हणून फेरीची टोपली मी घेतली. तिच्या ठरलेल्या घरांना भाजी देत देत चाललो होतो आणि बोलण्याच्या नादात वळायचे राहिले. त्या गल्लीत शिरलो हे कळले तेव्हा माडीवरून हाक आली, "भाजीवाले, थांबा."

आता तिथे रेल्वेच्या कामावरचा एक कारकून राहतो. पुण्याकडचे कुटुंब आहे. त्याची बायको खाली आली, मी टोपली उतरवली. तिने मेथी पाहिली, वांगी पाहिली, भाव कमी करायला सांगितला. मी केला नाही. ती म्हणाली, "तुमच्याकडचं सगळंच महाग हो, घरभाडंसुद्धा. आणि घर म्हणावं तर स्वयंपाकघरातला धूर बाहेर जात नाही. माझे डोळे गेले."

मी म्हणालो, "हो. धूर कोंडते तठी. वारा उलट्या अंगाचा हाय."

ती माझ्याकडे पाहू लागली. "तुम्हाला काय माहीत?"

मी म्हणालो, "घर मीच बांधलं होतं. राहत होतो आमी."

ती गडबडली. हातातली जुडी तशीच धरून उभी राहिली. मग म्हणाली, बसा, पाणी देते. मी ओसरीवर बसलो. त्याच ओसरीवर, बाई, भिंतीला पाठ लावून. तिने तांब्या आणून ठेवला. खांबाजवळच्या खुंटीला आता त्यांची छत्री लटकलेली होती. आतून कुणीतरी कांडत होते, उखळाचा आवाज येत होता. मला वाटले होते की कधी इथे पाऊल टाकले तर छाती फुटेल. पण पाणी थंड होते आणि मी सकाळपासून चालत होतो. मी सगळा तांब्या प्यालो.

ती हळूच म्हणाली, "मी धुराचं बोलले ते मनाला लावून घेऊ नका. घर चांगलं आहे. उजेड खूप आहे."

मी म्हणालो, "उजेडासाठीच खिडक्या मोठ्या केल्या."

तिने वांगी घेतली, मेथी घेतली आणि पैसे पुरे दिले. टोपली डोक्यावर घ्यायला तिने हात लावला. गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा ध्यानात आले की मी मागे वळून पाहिले नव्हते. मुद्दाम नव्हे. ऊन चढले होते आणि मेथी कोमेजायला लागली होती, अजून चार घरे बाकी होती.

झोपडीत आलो आणि शकुनला सगळे सांगितले. ती पांघरुणात पडून ऐकत होती. मला वाटले, रडेल. तिने विचारले, "खिडकीतून डोंगर दिसते म्हनून सांगतलं काय तिले? नवी बाई हाय, तिले कोन सांगंल?" मी म्हणालो, नाही सुचले. ती म्हणाली, उद्या सांगा. मग कूस बदलून झोपली. आता ताप उतरला आहे.

त्या घरी आता रोजची भाजी ठरली. ती बाई आंबाडी खात नाही, तिला पालक हवा. आपल्याकडे पालक नाही, म्हणून आज एक वाफा पालकाला काढला. बी अजून टाकायचे आहे आणि उजेड जात चालला, तेव्हा एवढ्यावर थांबतो. कौशी आली की तिला माझा आशीर्वाद सांग, आणि तुला हवे ते तू विचारत जा, पंतोजींनाही तसे सांग.